दोन सूत, उलटे आटे आणि बाकीची दुखणी

हत्यारपेटी : वाचकांची पत्रं

वैशाख लागला. सोलापुरात दुपारी बारा ते चार कुणी बाहेर पडत नाही आणि घरात बसलेल्या माणसाला गळका नळ, मंद पंखा, हलणारी खुर्ची हे सगळं एकदम दिसायला लागतं. त्यामुळं असेल, यंदा पत्रं जास्त आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. सहा निवडली आहेत, त्यातलं एक माझी चूक दाखवणारं आहे, ते मुद्दाम घेतलंय.

नव्या वाचकांसाठी आधीच सांगते. मी सुतार नाही, फिटर नाही, प्लंबर तर नाहीच. अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं जमाखर्च लिहिला. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मोरीतला नळ दुरुस्त करायला गेले आणि तो हातातच आला. तिथून हे सुरू झालं. आज मला जे काही येतं त्यातलं निम्मं मोडलेल्या वस्तूंनी शिकवलंय आणि निम्मं आमच्या कारखान्यातल्या जॉबरनं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस. सोलापूरकराला हे सांगायला नको, पण अंक बाहेरही जातो. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून त्याचं माग खोलणं रोज दिसायचं. नवा पोरगा पान्ह्यावर लोंबकळायला लागला की तो लांबूनच ओरडायचा, "जोर लागायलाय म्हंजे काय तर चुकलंय बे! थांब की!" हे वाक्य मी या सदरात इतक्यांदा लिहिलंय की एका वाचकानं यावेळी त्यावरूनच मला धारेवर धरलंय. ते पुढं येईल.

प्रश्न : आमचं उत्तर कसब्यात जुनं घर आहे. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोनं मला ड्रिल मशीन दिलं. आरशासाठी दोन भोकं पाडायची होती. पहिलं भोक बोटाच्या पेराएवढं आत जाऊन अडलं, मशीन नुसतं किंचाळत राहिलं आणि बिटचं टोक निळं पडलं. दुसरं भोक चार बोटं बाजूला घेतलं तर बिट लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं आणि भिंतीतून ओंजळभर माती खाली आली. आता तिथं चिमणी घरटं करेल एवढा खड्डा आहे. आरसा पंधरा दिवस पलंगावर पडून आहे आणि आम्ही दोघं खाली झोपतो. मशीन परत करावं का?

उत्तर : मशीन बरं आहे, परत करू नका. बायकोला काय वाटेल तेही बघा की.

कसब्यातली जुनी घरं काळ्या दगडाची. दगड मातीत नाहीतर चुन्यात बसवलेला, वर गिलावा, त्यावर तीन पिढ्यांचा रंग. बाहेरून भिंत एकसारखी दिसते, आतून तशी नसते. तुमचं पहिलं भोक दगडावर आलं, दुसरं दोन दगडांच्या मधल्या मातीवर. मशीन जिथं किंचाळलं तीच जागा तुमच्या कामाची होती. जिथं ते सुखानं आत गेलं तिथं कुठलाच स्क्रू टिकणार नाही.

टोक निळं पडलं म्हणजे तापून त्याचं पाणी उतरलं. ते बिट आता टाकून द्या. माझा संशय असा की मशीनबरोबरच्या डबीतून हाताला लागलं ते बिट तुम्ही लावलंत, आणि ते लोखंडासाठीचं होतं. दगडाचं बिट ओळखायला सोपं आहे. त्याच्या टोकाला बाणाच्या फाळासारखी चपटी टिकली बसवलेली असते आणि ती बिटच्या अंगापेक्षा किंचित रुंद असते. मशीनवर हातोडीचं चित्र असलेला खटका असेल, तो त्या बाजूला करा. नाहीतर बिट नुसतं फिरतं, ठोकत नाही, आणि काळा दगड नुसत्या फिरण्याला दाद देत नाही. दहा-पंधरा सेकंद चालवायचं, बाहेर काढायचं, भुकटी उडवायची, परत आत. डोळ्यावर चष्मा हवाच. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका, गिलाव्यातून वायर गेलेली असू शकते.

नवं बिट आणायला जाल तेव्हा दुकानदार विचारेल, "किती सूत?" इथं माझी फजिती झाली होती ती सांगते. एकतीस वर्षं मी सुताची बिलं लिहिलेली. मला विचारलं किती सूत, तर मी सहज बोलून गेले, "वीस नंबर." काउंटरवरची चार माणसं वळून बघायला लागली. वीस सूत म्हणजे अडीच इंच. तेवढ्या भोकातून मांजर नाही तरी मांजराचं पिल्लू जाईल. दुकानदार म्हणाला, "मॅडम, साहेबांना पाठवा." साहेब घरी पेपर वाचत होते, त्यांना स्क्रू आणि खिळा यातला फरक अजून कळत नाही.

तर हार्डवेअरचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. तुमच्या आरशाला दोन सूत पुरे, म्हणजे सहा मिलिमीटर, आणि त्याच मापाची प्लॅस्टिकची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात बसवतात ती. आमच्या सुताचं गणित याच्या उलटं चालतं. दहा नंबरचं सूत जाड, चाळीस नंबरचं बारीक, नंबर वाढला की धागा बारीक. ते ज्ञान अगदीच वाया गेलं नाही. पॉलिश पेपर घेताना तेच लागू पडतं. ऐंशी नंबरचा खरखरीत, दोनशेवीसचा मऊ. आपल्या गावात निम्म्या घरांत कुणी ना कुणी सुताशी संबंधित होतं, तेव्हा हे लक्षात ठेवायला अवघड जाऊ नये.

आता खड्डा. त्यातली सुटी माती हातानं काढून टाका, पाणी शिंपडा. जुन्या खुंट्या भिंतीत कशा बसवलेल्या असतात ते बघितलंय? आत गेलेलं टोक रुंद, बाहेरचं अरुंद, म्हणजे ओढलं तरी येत नाही. तसा एक लाकडी गट्टू करा आणि एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू अशा मालात दगडाच्या कपच्या घालून घट्ट बसवा. चार दिवस ओलं ठेवा, या उन्हात दिवसातून तीनदा तरी. मग त्या लाकडात स्क्रू पिळा.

पण खरं सांगू का, मी तुमच्या जागी असते तर हा खड्डा नुसता बुजवला असता. हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकत गेलं की दगड कुठं आणि माती कुठं ते आवाजावरून कळतं. दगड टणक वाजतो, माती बद्द. दगड सापडतील तिथं भोकं पाडून एक आडवी लाकडी पट्टी लावा आणि आरसा त्या पट्टीवर टांगा. आरशाची भोकं जिथं आहेत तिथंच भिंतीत भोक पाडायचं हा हट्ट आपण धरतो. भिंतीला आरसा कुठून आणला ते माहीत नसतं.

प्रश्न : स्वयंपाकघरातला नळ टपटपतो. आमचे मिस्टर रात्री तो इतका आवळतात की सकाळी मला उघडत नाही, शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. दोन वेळा वायसर बदललं. महिनाभर बरं चालतं, परत तेच. प्लंबर म्हणतो नळच बदला. पितळी नळ आहे, सासूबाईंच्या वेळचा, टाकवत नाही. (दाजी पेठ)

उत्तर : तुमचा नळ टाकू नका. मिस्टरांना मात्र नळापासून लांब ठेवा.

जुन्या नळात काय असतं ते सांगते, मग पुढचं आपोआप कळेल. मूठ फिरवली की आतला दांडा खाली जातो. दांड्याच्या टोकाला रबराचं वायसर. ते एका पितळी ओठावर जाऊन बसतं आणि पाणी थांबतं. बसण्यापुरता दाब पुरतो. त्याहून जास्त आवळलं की तो ओठ रबरात रुततो आणि गोल खाच पाडतो. मग पुढच्या वेळी आणखी आवळावं लागतं, खाच आणखी खोल. मिस्टर जितके मेहनती तितकं वायसर लवकर जाणार.

तुमचं वायसर महिन्यात जातं याचा अर्थ दुखणं रबरात नाही, ओठात आहे. आपलं पाणी जड. बादलीला, गीझरला, कूलरच्या जाळीला जे पांढरं चढतं तेच या ओठावर बसतं. त्यातून पाणी सारखं झिरपत राहिलं की पितळेला बारीक चरे पडतात. नळ खोलून करंगळी आत फिरवा. ओठ गुळगुळीत लागायला हवा. खरखरीत लागला तर आधी क्षार काढा. लिंबाचा रस नाहीतर लिंबूफूल पाण्यात कालवून, फडक्याचा बोळा भिजवून तासभर आत ठेवा. तरी चरा लागला तर ओठ घासून सपाट करायचं एक छोटं हत्यार मिळतं, मूठ आणि खाली दात असलेली चकती. जुन्या प्लंबरकडं असतंच. त्याला नळ बदलायला सांगू नका, "सीट घासून द्या" असं म्हणा. आपल्याला शब्द माहीत आहे हे कळलं की माणूस वेगळं वागतो.

खोलण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडा, पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ द्या. पक्कड लावण्याआधी नटावर फडकं गुंडाळा म्हणजे ओरखडे येत नाहीत. खाली मोरीच्या भोकावर ताट ठेवा. पडलेला बारीक स्क्रू मोरीत गेला की तो सोलापूरच्या गटारांचा झाला.

नळाच्या धारेचा हिशेब मी एकदा केला होता, सवयच तशी. सेकंदाला एक थेंब पडत होता. रात्री दहाला खाली तांब्या लावला. सकाळी सहाला मोजलं तर जवळजवळ दीड लिटर. म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, पाच दिवसांआड आलं असं धरलं तर दोन पाळ्यांच्या मध्ये एक घागर भरून पाणी नुसतं टपटपत गेलं. उजनीहून शंभर किलोमीटरच्या वर पाइपातून आलेलं पाणी शेवटच्या वितीत घालवायचं!

आणि हे काम पाण्याच्या दिवशी काढू नका. सुरुवातीला जो नळ माझ्या हातात आला म्हणून सांगितलं, तो थेट रस्त्याच्या लाइनीवरचा होता, मध्ये व्हॉल्व्ह नाही. पाणी दुपारी येणार असं ऐकलं होतं, आलं सकाळी साडेनऊला. नळाच्या जागी माझा अंगठा होता. निवृत्तीच्या समारंभात कारखान्यानं सहा टॉवेल दिले होते, कोरे, घडीही न मोडलेले. त्या दिवशी सहाच्या सहा मोरी आणि देवघर यांच्या मध्ये अंथरले गेले. माल चांगला होता. पाणी देवघरापर्यंत पोचलं नाही.

प्रश्न : लोखंड कापायच्या करवतीची तीन पाती आठवड्यात मोडली. हलकी येतात का आजकाल? (होटगी रोड)

उत्तर : पातं उलटं लावलंय का बघा. दात मुठीपासून लांब, पुढच्या दिशेला तोंड करून हवेत. कापणं पुढं ढकलताना होतं, मागं येताना दाब सोडायचा. पातं सैल असेल तरी वाकून मोडतं, पाकळीचा नट आवळून ते वाजलं पाहिजे. आणि पत्रा किंवा पातळ पाइप कापत असाल तर बारीक दातांचं पातं घ्या, इंचाला बत्तीस दातांचं. एका वेळी निदान तीन दात धातूवर टेकले पाहिजेत, नाहीतर दात अडकतो आणि तुमचा जोर त्याला मोडतो.

प्रश्न : काकू, तुमचं सदर आई वाचते, मी तिच्यामुळं वाचतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही दर वेळी लिहिता, जोर लागतोय म्हणजे थांबा. मी थांबलो. दोन महिने थांबलोय. सायकलचा डावा पायडल मोडलाय, तो निघत नाही. पान्ह्याला पाइप लावून आम्ही दोघं मित्र लोंबकळलो, पान्हा सटकला आणि माझा गुडघा फुटला. जाम झालेल्या वस्तूला जोर न लावता कसं सोडवायचं ते एकदा सांगाच. नुसतं थांबून गंज जात नाही.

उत्तर : गुडघ्याला हळद लावली असशीलच. आता पान्हा धरलास ती दिशा आठव. डावीकडं फिरवलंस ना, सगळे नट सैल होतात तसं? डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तू आणि तुझा मित्र लोंबकळून तो पायडल आवळत होतात.

हसू नकोस म्हणत नाही, मीही हसले. पण हे तुला कुणी सांगितलं नसणार. सायकल चालवताना पाय फिरतो, पायडल पायाखाली आडवाच राहतो, आणि त्याचा दांडा क्रँकमध्ये, म्हणजे पायडल ज्या लोखंडी दांडीत पिळलेला असतो तिच्यात, दर फेऱ्याला किंचित घरंगळतो. सरळ आटे असते तर डाव्या बाजूचा पायडल या घरंगळण्यानं हळूहळू सैल होऊन एक दिवस रस्त्यात पडला असता. म्हणून डाव्या बाजूला उलटे आटे. तुझ्या पुस्तकात याला काहीतरी जड नाव असेल. लक्षात ठेवायला सोपं असं की पान्हा पायडलवर उभा धरायचा, मूठ आकाशाकडं, आणि दोन्ही बाजूंना तो मागच्या चाकाकडं ढकलायचा. सुटेल. पान्हा पंधरा नंबरचा, तोंड नीट बसणारा. सोळाचा बसतो म्हणून लावू नकोस, तुझा सटकलेला पान्हा तसलाच असावा.

आता तुझी खरी तक्रार. ती बरोबर आहे. मी जॉबरचं अर्धंच वाक्य छापत आले. तो थांबायचा, पण थांबून काय करायचा ते मी लिहिलंच नाही. आधी बघायचा, दिशा बरोबर आहे का. मग माप, पान्हा नटाच्या अंगाला पुरता भिडलाय का, की कोपऱ्यावरच टेकलाय. हे दोन्ही बरोबर असेल तर मग गंज. नटाच्या कडेनं डिझेलचे चार थेंब सोडायचा आणि चहाला जायचा. आमचा मालक चिडायचा, माग बंद आणि हा चहा पितोय. जॉबर म्हणायचा, "मी पितोय, तेल काम करायलंय." तेल बारीक फटीत शिरायला वेळ लागतो. गच्च गंजलं असेल तर रात्रभर. मग पान्ह्याच्या शेपटीवर हातोडीचे छोटे छोटे टोले. सलग ताकदीला नट हलत नाही तो अशा टोल्यांना हलतो, कारण हादऱ्यानं गंजाची पापडी फुटते. आणि एवढं करून मग तो खरंच जोर लावायचा, पान्ह्याला हातभर पाइप अडकवून. वीतभर पान्ह्याच्या जागी तीन वीत झाली की तेवढ्याच हातानं तिप्पट पीळ बसतो, हे मी तुला सांगायला नको.

आधी उलट्या दिशेला आवळलाय म्हणून क्रँकचे आटे बघून घे. आतून भुसा निघाला किंवा नवा पायडल तिरका शिरायला लागला तर आटे गेलेत. तसाच दामटून बसवू नकोस. नवा पायडल घालताना आट्यांना जरा ग्रीस लाव आणि पहिले दोन-तीन फेरे नुसत्या बोटानं फिरव. बोटानं फिरेना म्हणजे आडवा गेलाय.

प्रश्न : सीलिंग पंखा पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरतो. कधी कधी काठीनं ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही. वायरमन म्हणाला वाइंडिंग गेलंय, नवा घ्या. पत्र्याचं घर आहे, दुपारी आत बसवत नाही. (कुंभारी, घरकुल)

उत्तर : ताई, नवा घेऊ नका अजून. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं बहुतेक वेळा कपॅसिटरची असतात. पंख्याच्या वरच्या वाटीत बोटाएवढा किंवा चौकोनी डबीसारखा तुकडा असतो, त्यावर २.५ असा आकडा बहुधा लिहिलेला असतो. मोटरला सुरुवातीचा धक्का तो देतो. उन्हाळ्यात छताशी सगळ्यात जास्त गरम हवा, तुमच्याकडं तर डोक्यावर तापलेला पत्रा, म्हणजे तो तुकडा तिथं भाजतच असतो. दरवर्षी त्याचा दम थोडा कमी होतो. शंभर रुपयांच्या आत मिळतो. जुन्यावर जो आकडा आहे तोच घ्या, मोठा घेतला तर जोरात फिरेल असं समजू नका.

बदलण्याआधी एक बघा. वीज बंद करून पातं हातानं फिरवा. सहज, बराच वेळ फिरत राहिलं तर बेअरिंग चांगलं. घासल्यासारखं लागलं, पटकन थांबलं तर बेअरिंग. आणि वाटीजवळ जळका वास असेल तर वायरमन खरं बोलतोय.

वीज बंद म्हणजे मेन स्विच बंद. नुसतं बटण बंद करून हात घालायचा नाही. पुष्कळ घरांत बटण चुकीच्या वायरीवर जोडलेलं असतं. बटण बंद असतं, पंखा फिरत नाही, आणि तरी वायरीत वीज असते. मेन बंद केल्यावर टेस्टर लावून बघा. कपॅसिटरमध्येही थोडी वीज साठून राहते, त्याच्या दोन्ही तारांना एकदम बोट लावू नका, वेष्टन असलेल्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही टोकं जोडून घ्या. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. तुम्हाला वाटतं लक्षात राहील. राहत नाही.

स्टूल हलत असेल, किंवा वरच्या वायरीचं वेष्टन उडालेलं दिसलं, तर खाली उतरा आणि दुसऱ्या वायरमनला बोलवा. कपॅसिटर तुम्हीच विकत आणून हातात द्या. वायरीतल्या कामाला मी स्वतःही तिथंच हात जोडते.

पत्र : मागच्या अंकात आपण लिहिलंत की हातोडीचा दांडा सैल झाला तर रात्रभर पाण्यात उभी करून ठेवा. मी आयटीआयमध्ये पोरांना याच गोष्टीसाठी उभं करत होतो. कृपया दुरुस्ती छापावी. (निवृत्त निदेशक, विजापूर रोड)

उत्तर : उभी राहते, सर.

पाण्यानं लाकूड फुगतं, डोकं घट्ट बसतं आणि आपल्याला वाटतं झालं काम. पण फुगलेलं लाकूड लोखंडाच्या आत दाबलं जाऊन त्याचे धागे चेपतात. मग सुकल्यावर ते आधीपेक्षा बारीक होतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की दोन दिवसांत दांडा खुळखुळतो. माझी हातोडी मागच्या महिन्यात उडाली ती शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर. टाकी प्लॅस्टिकची. पुढचं सांगत नाही, भरून दिली.

सरांनी सांगितलेली पद्धत अशी. डोकं पुरतं काढा. दांड्याच्या टोकाला करवतीनं एक चीर द्या, आधीच असेल तर साफ करा. डोकं बसवा, डोकं वर राहील असा दांडा उभा धरून त्याचं शेपूट जमिनीवर आपटा, डोकं आपल्याच वजनानं खाली सरकतं. मग चिरेत सुक्या कठीण लाकडाची पाचर ठोका, बाभळीची चालते, आणि तिच्यावर आडवी एक छोटी लोखंडी पाचर. उरलेलं कापून टाका. वर तेल पाजा. सरांनी जवसाचं लिहिलंय. आमच्या घरी करडईचं होतं, मी तेच चोळलं. तेही हवेनं सुकून लाकडात धरतं. आठवडाभर रोज थोडं लावलं. दांडा आता चिकट नाही आणि हललाही नाही. घरात मात्र दोन दिवस भाजीला तेल पुरवून वापरावं लागलं.

आता शेवटी माझाच एक प्रश्न, कारण या महिन्यात मला कुणी दारांबद्दल विचारलं नाही आणि मला ते सांगायचंय.

आमचं पुढचं दार कडुनिंबाचं, जुनं. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरचा, आणि तेव्हा ते फुगून चौकटीला अडकतं. तीन वर्षांपूर्वी ऐन भाद्रपदात मी रंधा विकत आणला. चौकटीला खडू घासला, दार लावलं, जिथं खडू उमटला तिथं रंधा मारला. परत खडू, परत रंधा. पात्याला धार नव्हती, म्हणून मी दाबून मारला. होय, मीच. संध्याकाळपर्यंत दार एका बोटानं लागायला लागलं आणि मी गल्लीभर सांगत सुटले.

दिवाळीनंतर लाकूड सुकलं. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत बदलतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता वैशाखात दार आणि चौकट यांच्यात बोट जाईल एवढी फट आहे. वावटळ आली की रस्त्यावरची धूळ त्यातून आत येते आणि रात्री पाली. फटीवर लाकडी पट्टी चिकटवली तर भाद्रपदात दार परत अडकणार. नाही चिकटवली तर आणखी दोन महिने झाडू हातात. रबराची पट्टी लावून बघितली, उन्हानं आठ दिवसांत गळून पडली. कुणी यावर मार्ग काढला असेल तर कळवा, पुढच्या अंकात छापते. रंधा शेजारच्यांना देऊन टाकलाय. टाकीचे पैसे चुकते करताना त्यांनी तोही ठेवून घेतला.